जंप देऊनही गाडी नुसती टकटक करते: बॅटरी बदलायची की सेल्फ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या एका सोसायटीच्या बेसमेंटमध्ये २०१४ सालची गिअरची पेट्रोल हॅचबॅक. गणपतीला सगळे गावी गेले, १८ दिवसांनी परतले तर रिमोटनेसुद्धा दार उघडेना. डिकीतला दिवा चालू राहिला असावा असा संशय. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप दिला (म्हणजे त्यांची बॅटरी केबलने जोडली) तेव्हा डॅशबोर्डचे दिवे लागले, पण चावी फिरवली की नुसतं टक-टक-टक-टक. ओळखीचा मेकॅनिक फोनवर म्हणाला, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) गेलाय, उतरवावा लागेल. बॅटरीवाला म्हणतो, बॅटरी मेली, नवी घ्या. कुणाचं ऐकायचं?

अजून कुणाचंच ऐकू नका. पाकीट खिशातच राहू द्या. तुम्ही जे सांगताय त्यावरून मला त्या दोघांपेक्षा तिसऱ्याचाच संशय जास्त येतो, तो म्हणजे करंट ज्या वाटेने सेल्फपर्यंत जातो ती वाट. जंपर केबल, तिचे चिमटे, टर्मिनल, अर्थची पट्टी. मी कोल्हापुरात उद्यमनगरात २५ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. जंप देऊनही चालू न झालेल्या ज्या गाड्या माझ्याकडे ओढून आणल्या जातात, त्यातल्या बऱ्याचशा दहा नंबरच्या पान्ह्यावर आणि पॉलिश पेपरवर सुटतात. हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही, आणि मलाही बिल किती करावं हा प्रश्न पडतो.

आधी तो आवाज समजून घ्या, कारण त्यातच निम्मा निकाल आहे. सेल्फच्या पाठीवर एक छोटा डबा असतो, सोलेनॉइड. चावी फिरवली की त्याच्या आतला लोखंडी दांडा खेचला जातो. त्या एका खेचण्यात दोन कामं होतात: बेंडिक्सचं दातेरी चाक पुढे सरकून इंजिनच्या मोठ्या चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, दात्यांत बसतं, आणि मोटरचा मोठा कॉन्टॅक्ट जुळतो. कॉन्टॅक्ट जुळला की मोटर एकदम शंभर-दीडशे अँपिअर मागते. बॅटरीत तेवढा दम नसेल किंवा वाटेत कुठे कचरा असेल, तर व्होल्टेज धाडकन पडतं. व्होल्टेज पडलं की सोलेनॉइड दांडा धरून ठेवू शकत नाही, सोडून देतो. सोडला की मोटर तुटली, भार गेला, व्होल्टेज परत वर आलं, दांडा परत खेचला गेला. हे सेकंदाला कितीतरी वेळा होतं, तीच तुमची टक-टक-टक.

म्हणजे काय? सोलेनॉइड जिवंत आहे. चावीचा स्विच, सेल्फचा रिले, बारीक वायर, सगळं काम करतंय. मोटरला पोटभर करंट तेवढा मिळत नाहीये. हा आवाज ऐकून कुणी फोनवर सेल्फ गेला म्हणत असेल, तर तो अंदाजाने बोलतोय.

मग शेजाऱ्यांची चांगली बॅटरी जोडूनही करंट का मिळाला नाही? ती जंपर केबल हातात घेऊन टोकाला बघा. हजारेक रुपयांच्या आतली बहुतेक केबल बाहेरून करंगळीएवढी जाड दिसते, पण ती जाडी रबराची असते. आतली तार चार-सहा चौरस मिलीमीटरची, आणि तीसुद्धा पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. थोडं गणित करू. चार चौरस मिलीमीटरची शुद्ध तांब्याची अडीच मीटर तार म्हणजे साधारण ०.०११ ओहम. लाल आणि काळी मिळून ०.०२२. त्यातून १२० अँपिअर न्यायचे म्हटले तर अडीच व्होल्टच्या वर केबलमध्येच जिरतात. मुलाम्याची तार असेल तर चारच्या आसपास. शेजाऱ्यांकडून साडेबारा निघाले, तुमच्या सेल्फला साडेआठ पोचले. डॅशबोर्डच्या दिव्यांना अर्धा-एक अँपिअर पुरतो, म्हणून ते लख्ख लागले आणि जंप बरोबर लागलाय असं सगळ्यांना वाटलं. २५ चौरस मिलीमीटरची केबल असती तर तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला असता. केबल घेताना जाडी बघू नका, आतल्या तारेचा आकडा विचारा. दुकानदाराला सांगता आला नाही तर दुसरं दुकान.

दुसरी गोष्ट अशी की ती पूर्ण उतरलेली बॅटरी स्वतःच भुकेली असते. जंप जोडल्या जोडल्या सेल्फ मारला तर शेजाऱ्यांच्या बॅटरीतला बराचसा करंट ही मधल्यामध्ये पिते.

म्हणून उद्या पुन्हा प्रयत्न करताना घाई करू नका. आधी टर्मिनल. निगेटिव्ह आधी काढायचं, जोडताना ते शेवटी. कारण साधं आहे. पॉझिटिव्ह सैल करताना पान्हा चुकून बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलंच असेल तर ठिणगी उडते, पान्हा चिकटतो, हात भाजतो. माझ्या डाव्या अंगठ्यावर १९९९ सालची खूण अजून आहे. टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट-निळी बुरशी दिसली तर गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून ते ओता, फसफसून निघून जाईल. मग पोस्टचा (बॅटरीवरच्या शिशाच्या खुंटाचा) बाहेरचा भाग आणि क्लॅम्पचा आतला भाग पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या टर्मिनलवरही हे करायचं, कारण आत काळा थर असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. घट्ट बसवल्यावर हाताने पिळून बघा. जरासुद्धा हललं तर ते सैलच आहे. काही गाड्यांत क्लॅम्प ताणून मोठा झालेला असतो, नट शेवटपर्यंत पिळूनही पकडत नाही. तिथे शिशाची पातळ पट्टी मध्ये घालतात, पण ती तात्पुरती सोय. क्लॅम्प बदललेला बरा.

आता जंप. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत, दोन्ही न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. तुमच्या गाडीचे दिवे, ब्लोअर, स्टिरिओ बंद. लाल चिमटा आधी तुमच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग शेजाऱ्यांच्या पॉझिटिव्हला. काळा आधी त्यांच्या निगेटिव्हला, आणि शेवटचा काळा चिमटा तुमच्या बॅटरीला नाही, तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचा. इंजिन उचलायचं कडं असतं ना, ते चांगलं. रंग दिलेल्या पत्र्यावर लावू नका. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी पडतेच, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, म्हणून ठिणगी बॅटरीपासून लांब पडलेली बरी. शिवाय यात सेल्फच्या परतीच्या करंटला जवळची वाट मिळते. चिमटे लावल्यावर जागच्या जागी एकदोनदा फिरवा, म्हणजे दात आत रुततात.

आणि मग थांबा. शेजाऱ्यांचं इंजिन चालू ठेवून, ॲक्सिलरेटर थोडासा दाबून, १० ते १५ मिनिटं. चहा घेऊन या. तुमच्या बॅटरीच्या पोटात थोडं जाऊ द्या. केबल बारीक असली तरी या थांबण्यानेच बऱ्याच गाड्या चालू होतात, कारण सेल्फ मारताना तुमची बॅटरीही थोडा हातभार लावते. दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. दोनतीन प्रयत्नांनंतर चिमटे आणि टर्मिनल हाताने चाचपा. जिथे गरम लागेल तिथे करंट अडतोय. मीटर नसलेल्या माणसाचा मीटर म्हणजे बोटं, फक्त जपून लावा.

एवढं करूनही टकटकच राहिली, तर अर्थकडे वळायचं. ठाणे, मुंबई, कोकण अशा दमट आणि खाऱ्या हवेतल्या गाडीला हे मी आवर्जून सांगतो. इंजिन रबरी माउंटिंगवर तरंगत असतं. बॉडीचा आणि त्याचा विजेचा संबंध एका विणलेल्या पट्टीने किंवा जाड काळ्या वायरने जोडलेला असतो. ती बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या आसपास, खाली, चिखल उडतो तिथे. पुष्कळ गाड्यांत सेल्फने घेतलेला करंट त्या पट्टीतून परत जातो, पण तिच्याकडे कुणी बघत नाही.

एका पावसाळ्यात रत्नागिरीकडची एक डिझेल गाडी टो करून आली. मालकाने दोन महिन्यांपूर्वी नवी बॅटरी घातलेली. सेल्फ दुसऱ्या एका गॅरेजात रिकंडिशन करून घेतलेला. तरी रोज सकाळी रडगाणं चालूच. बॅटरीवर मीटर लावला, १२.६. सेल्फ मारतानासुद्धा बॅटरीच्या पोस्टवर ११.९, म्हणजे बॅटरीवर भार येतच नव्हता, करंट वाटेत अडत होता. मग मीटरची एक काडी निगेटिव्ह पोस्टवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरून सेल्फ मारायला सांगितला. तिथे ५ व्होल्ट दिसले. खरं तर तिथे ०.३ च्या वर काही दिसायलाच नको. हात लावला तर गिअरची केबल गरम. परतीची पट्टी आतून कुजली होती, आणि करंट सापडेल त्या लोखंडातून, म्हणजे गिअरच्या केबलमधून, परत जायची धडपड करत होता. नवी पट्टी टाकली, दोन्ही टोकांचा गंज खरवडला, गाडी एका झटक्यात चालू. मालक खूश व्हायच्या ऐवजी चिडला, आणि त्याचं बरोबरच होतं. बॅटरी आणि सेल्फवर आधीच पैसे घालून बसला होता.

तुमच्याकडे जंपर केबल आहे, म्हणून ही तपासणी तुम्ही मीटरशिवायही करू शकता. केबलचा काळा पदर घ्या, एक टोक तुमच्याच बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या कड्याला. दुसरी गाडी जोडलेली नको. फक्त आधी बॅटरी चार्ज झालेली हवी, रिकाम्या बॅटरीवर यातून काहीच कळणार नाही. याने सेल्फ फिरला आणि चिमटा काढल्यावर परत टकटक झाली, तर चोर सापडला.

मल्टिमीटर मात्र घ्याच. तीन-चारशे रुपयांचा साधा मिळतो. घरात इन्व्हर्टर असेल तर तिथेही कामाला येतो. त्याचे आकडे असे वाचायचे: गाडी काही तास उभी असताना बॅटरीच्या पोस्टवर १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. चार्जर नुकताच काढला असेल तर खोटा वाढीव आकडा दिसतो, हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा आणि मग मोजा. रात्रभर चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपासच अडकत असेल तर सहापैकी एक सेल बसलाय. प्रत्येक सेल दोन व्होल्टच्या थोडा वर असतो, त्यातला एक वजा करा, हाच आकडा येतो. ती बॅटरी गेली, तिच्यावर अजून वेळ घालवू नका. सेल्फ मारताना चांगल्या बॅटरीचा आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. आणि जो मोजायला लोक हमखास विसरतात: बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत, सेल्फ मारत असताना, अर्ध्या व्होल्टच्या वर दिसू नये. जास्त दिसलं तर दोष त्या केबलचा किंवा तिच्या टोकांचा आहे. काडी क्लॅम्पवर न टेकवता खुद्द शिशाच्या पोस्टवर टेकवायची, नाहीतर क्लॅम्प आणि पोस्टमधला तोटा सुटून जातो.

तुमच्या आवाजाचा निकाल लागला, पण वाचणाऱ्या बाकीच्यांच्या गाड्या वेगळं बोलत असतील, म्हणून तेही सांगतो. हेडलाइट लावून सेल्फ मारायचा. दिवे विझत आले तर बॅटरी किंवा जोड. दिवे तसेच लख्ख राहिले आणि एकच जाडसा 'टक' आला, पुढे शांतता, तर मात्र सेल्फकडे बघा: सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा मोटरचे कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत. कुणीतरी चावी फिरवत असताना सेल्फच्या अंगावर पान्ह्याच्या मुठीने दोनचार हलके टोले दिले आणि फिरला, तर बहुधा कार्बन. एवढ्यावर गॅरेज गाठा. हलके म्हणजे खरंच हलके, कारण आताच्या पुष्कळ लहान गाड्यांच्या सेल्फमध्ये कायमचुंबक असतात आणि ते ठिसूळ असतात. हातोडीने मारून चुंबक फोडलेले सेल्फ मी पाहिलेत.

आवाजच नाही, दिवे लख्ख? क्लच पूर्ण दाबा, काही गाड्या त्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर पी मधून एन मध्ये टाकून बघा. मग फ्यूज, रिले, आणि सोलेनॉइडची बारीक वायर. बेसमेंटमध्ये उभी गाडी आणि पावसाळा म्हटलं की उंदीर आलेच. बोनेट उघडल्यावर लेंड्या किंवा कुरतडलेलं फोम दिसलं तर वायरिंग नीट बघितल्याशिवाय चावी फिरवू नका.

सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, हा वेगळा आजार. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी वापरून बघा. चावीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती बाजूला काढा. बटण स्टार्टच्या गाडीत रिमोटचा सेल उतरला असेल तर पुष्कळ गाड्यांत रिमोट बटणाला टेकवून दाबलं की चालू होते. चिन्ह विझत असेल तर चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोनेक सेकंद 'झूंऽऽ' ऐकू यायला हवा. आणि दहा-बारा वेळा सेल्फ मारून झालं असेल तर प्लग पेट्रोलने ओले होतात. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत तसं केल्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल बंद करतो आणि नुसती हवा जाऊन प्लग सुकतात.

धक्का स्टार्टबद्दल विचारणारे बरेच असतात. बॅटरीत थोडा तरी जीव असेल, डॅशबोर्डचे दिवे नीट लागत असतील, तर गिअरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून चालू होते. पण तुमच्यासारखी ठार रिकामी असेल तर सोसायटीतली सगळी पोरं लावूनही उपयोग नाही. पंपाला आणि ईसीयूला करंट नाही, अल्टरनेटरलाही (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) सुरुवातीला थोडा करंट लागतो. कार्बोरेटरच्या जमान्यातली युक्ती तिथेच राहिली. बेसमेंटच्या रॅम्पवर तर मुळीच करू नका. इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग साथ देत नाहीत.

काही गोष्टी मात्र कळवळून सांगतो. हायवेवर बॅटरी बसली तर ट्रकवाला दादा मदतीला हमखास थांबतो, माणूस भला असतो, पण ट्रकची सिस्टिम २४ व्होल्टची असते. त्यावरून कारला जंप घेतला तर ईसीयूपासून स्टिरिओपर्यंत काय काय उडेल सांगता येत नाही. दुसरं, लाल-काळा उलटा लागला तर पहिल्याच क्षणी बॅटरीजवळचा मोठा मेन फ्यूज जातो, आणि नशीब वाईट असेल तर अल्टरनेटरचे डायोडही. उलटा जंप झाल्यावर गाडीत एकही दिवा लागत नसेल तर आधी तो बोल्टने आवळलेला फ्यूज बघा. तिसरं, गाडी चालू झाली की 'अल्टरनेटर चार्ज करतोय का बघू' म्हणून चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढायची एक जुनी खोड आपल्याकडच्या मिस्त्र्यांना आहे. डायनामोच्या काळात ती खपून गेली. आता बॅटरी तुटल्या क्षणी अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि त्या झटक्यात इलेक्ट्रॉनिक्स जातं. तुमच्यासमोर कुणी असं करायला लागला तर हात धरा.

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी खाली आणून जंप दिला तर चालेल का, हाही प्रश्न दर पावसाळ्यात येतो. चालतो, लहान पेट्रोल गाडीला. ती १२ व्होल्टचीच असते. पण इन्व्हर्टरपासून पूर्ण सोडवूनच. आणि ५० किलोच्या वरचं ते धूड ॲसिडसकट जिन्यावरून उतरवायचं म्हणजे गाडीपेक्षा तुमची कंबर आधी बसेल. जंप स्टार्टर भाड्याने आणणारा मेकॅनिक बोलवा, स्वस्त पडेल.

आता गाडी चालू झाली असं धरू. सगळ्यात मोठी चूक इथे होते: २० मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवली, झालं चार्ज. नाही होत. आयडलवर अल्टरनेटर फार काही देत नाही, आणि त्यातलं बरंचसं पंखा आणि पंप खातो. तुमच्या गाडीला ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल. ती तळापर्यंत रिकामी झालीय. ती भरायचं काम अल्टरनेटरवर टाकणं म्हणजे त्यालाही तापवणं. गाडी तशीच चालवत बॅटरीच्या दुकानात न्या, चार्जिंगला लावायला सांगा: तीन-चार अँपिअरवर १० ते १२ तास. 'तासाभरात करून देतो' म्हणणाऱ्याला नको म्हणा, जास्त करंटने प्लेटा वाकतात. घरी आपोआप चालणारा चार्जर असेल तर एक अडचण येईल. बॅटरी फारच खाली गेली असेल तर पुष्कळ चार्जर तिला ओळखतच नाहीत, नुसता लाल दिवा दाखवतात. जंप देऊन थोडा वेळ गाडी चालवली की ओळखतात. चार्जिंग मोकळ्या हवेत, देवघराच्या निरांजनापासून आणि गॅसपासून लांब.

गाडी चालू असताना पोस्टवर १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर ठीक. साडेबारावरच राहिलं तर तो चार्ज करत नाहीये. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय आणि तो नवी बॅटरीसुद्धा उकळून मारेल.

बॅटरी ठेवायची की बदलायची, हे चार्जिंगनंतर ठरवायचं. तुमच्या बाबतीत मला थोडी शंका आहे, तीही सांगतो. डिकीचा दिवा ५ वॅटचा म्हणजे साधारण ०.४ अँपिअर, दिवसाला १० अँपिअर-अवर. ३५ ची बॅटरी साडेतीन दिवसांत संपली. उरलेले दोन आठवडे ती ठार रिकामी पडून होती, आणि नुकसान त्यातच होतं. रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमलेलं असतं. लगेच चार्ज केली तर ते परत विरघळतं. तशीच ठेवली तर त्याचे कडक खडे होतात आणि मग तेवढी प्लेट कायमची मेली. म्हणून रात्रभर चार्ज करा, चार्जर काढून आणखी एक रात्र गाडीबाहेर तशीच ठेवा, सकाळी मोजा. १२.५ च्या वर असेल आणि दुकानातल्या लोड टेस्टरवर टिकली, तर वापरा. १२.२ वर घसरली असेल तर ती पुढच्या थंडीत दगा देणार. बॅटरीवरचा हिरवा डोळा बघून निर्णय घेऊ नका, तो सहापैकी एकाच सेलची बातमी देतो. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. एसीचं पाणी नको, ॲसिड तर नकोच. बॅटरी चार वर्षांची झालेली असेल तर एवढा खटाटोप न करता बदलून टाका, आपल्या उन्हात तेवढं आयुष्य चांगलंच म्हणायचं. गाडी सिग्नलला आपोआप बंद होणारी असेल तर त्याच प्रकारची, ईएफबी किंवा एजीएम बॅटरी लागते. साधी घातली तर वर्ष काढणं मुश्कील.

आणि नवी घातली तरी मूळ गळती तशीच राहिली तर पुढच्या सुट्टीनंतर हेच. गळती मोजायची तर चावी काढा, दारं बंद करा. मग निगेटिव्ह काढून पोस्ट आणि क्लॅम्पच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडा आणि अर्धा तास थांबून आकडा वाचा, कारण गाडीतले इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, दारही उघडायचं नाही. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. तेवढ्यानेसुद्धा दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे सगळं ठीक असलेली ३५ ची बॅटरीही महिन्याभरात तळाला जाते. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज उपसत बघा, आकडा कशाने पडतो ते. बहुतेक वेळा बाहेरून लावलेला डॅशकॅम, जीपीएस किंवा स्टिरिओ निघतो. फास्टॅगला दोष देणारे मला दर आठवड्याला भेटतात. त्या बिचाऱ्या स्टिकरला गाडीतून वायरच जात नाही, तो टोलनाक्याच्या रीडरच्या लहरींवर चालतो.

तुमच्या डिकीच्या दिव्याचं मात्र मीटरशिवाय कळेल. फोनचा व्हिडिओ चालू करा, फोन डिकीत दिव्याकडे तोंड करून ठेवा, डिकी बंद करा, दहा सेकंदांनी उघडा. दिवा विझलेला दिसला नाही तर कुलपातला स्विच अडकलाय. तो बदलेपर्यंत बल्ब काढून ठेवा, आणि फोन आत असताना चावीही आतच ठेवू नका.